पळस्प्याचा बर्फ

भाद्रपद उजाडला तरी पाऊस हटायला तयार नाही. दोरीवरचे टॉवेल तीन दिवस दमटच आहेत, मिठाच्या बरणीत पाणी सुटलंय, कपाट उघडलं की कोंदट वासाचा भपकारा येतो. आणि त्यात आमच्या सुकापूरच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या एका तरुण गृहस्थाने बुटकी, रुंद, पिवळीधमक स्पोर्ट्स कार आणली आहे. रोज सकाळी पावणेनऊला ती फाटकाजवळच्या स्पीडब्रेकरवरून जाते आणि तिचं पोट घासतं. खर्रर्र. मी इकडे ओट्यापाशी दाताखाली खडा आल्यासारखी शहारते. आमचे हे मात्र हातातलं वर्तमानपत्र टाकून बाल्कनीत धावतात.

"तिरकी घ्यायला हवी," ते कळवळून म्हणतात. "एक चाक आधी, मग दुसरं. शिकवायला हवं ह्याला कुणीतरी."

"अहो, आत या. भिजताय. आणि तुम्ही कुणाला काही शिकवायला जाऊ नका."

ते आत येतात, पण चेहऱ्यावर असं काही उमटलेलं असतं की मला पुन्हा तो पावसाळा आठवतो. तीस वर्षं होऊन गेली. इतका वैताग मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्या ऋतूने दिलेला नाही.

तेव्हा आम्ही पनवेल गावात, जुन्या वस्तीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. नव्वदीची सुरुवात. मी बँकेत, हे रसायनीच्या एका कारखान्यात इंजिनिअर. शेजारी रूबेनमामा आणि त्यांची थोरली बहीण सारामावशी. कोकणातली, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी ज्यू मंडळी. शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटायची नाही, आणि शुक्रवारी दुपारी नारळाच्या रसातल्या कालवणाचा वास आमच्या शाकाहारी खोल्यांत बिनदिक्कत शिरायचा. रूबेनमामांनी उमेदीची वर्षं लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात घालवली होती. सारामावशी गणिताच्या शिक्षिका, लग्न न केलेल्या, निवृत्त झालेल्या. रस्त्यात निम्मं पनवेल त्यांना वाकून नमस्कार करायचं आणि उरलेलं निम्मं त्यांना बघून गल्ली बदलायचं.

त्या दोघांच्या घराला लागून पत्र्याची एक शेड होती आणि शेडमध्ये ती गाडी. कुणा साहेबाने मुंबईत टाकून दिलेली, विलायती, दोनच माणसांची. रूबेनमामांनी अकरा वर्षं खपून ती उभी केली होती. लाल रंग, कापडी टप, आणि उंची अशी की आत बसल्यावर रिक्षाचं चाक डोळ्यांसमोर यायचं. बायको नाही, मुलगा इस्रायलला, म्हणून म्हाताऱ्याने हा नाद लावून घेतला असेल असं मला वाटायचं आणि मी त्यांना मनातल्या मनात माफ करायची. आमच्या ह्यांना माफ करायला मात्र काहीच कारण नव्हतं. रविवारी सकाळी गाडीखाली चार पाय दिसायचे. त्यांतले दोन आमचे.

मग मुलाने रूबेनमामांना तिकडे बोलावून घेतलं. कागदपत्रं झाली. सारामावशींचीही होत होती, पण त्यांनी फॉर्मवर सही करायला नकार दिला. "मी इथे जन्मले. मला तिथली भाजीसुद्धा विकत घेता यायची नाही," एवढंच म्हणाल्या, आणि विषय फळ्यावरून पुसावा तसा पुसून टाकला.

जायच्या तीन आठवडे आधी रूबेनमामा आमच्याकडे आले. चहा घेतला. किल्ली टेबलावर ठेवली.

"शरद, गाडी तुझी. पण बंद ठेवायची नाही. पावसातसुद्धा. ही गाडी महिनाभर उभी राहिली की संपली." मग म्हणाले, "आणि सारासुद्धा. दर रविवारी दोघींना बाहेर काढायचं. शिरढोणपर्यंत जा, परत या. शब्द दे."

ह्यांनी शब्द दिला. मला कुणी विचारलं नाही. कुटुंबात दोन माणसं, गाडी दोन माणसांची, त्यातल्या एका जागेवर शेजारची मावशी, आणि मी कुठे, असा प्रश्न त्या टेबलाशी बसलेल्या दोन्ही पुरुषांना पडला नाही.

जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, रूबेनमामांनी आम्हाला गावाबाहेरच्या एका मैदानावर नेलं. चिखलाचा नुसता लगदा झाला होता. त्यांनी उलट्या बादल्या ठेवल्या आणि ह्यांना त्यांच्यामधून गाडी काढायला लावली. ह्यांनी चार बादल्या पाडल्या. मग म्हातारा माझ्याकडे वळला.

"पोरी, तू बस."

"मला नको, मामा. मला भीती वाटते."

"म्हणूनच बस."

साडीचा पदर खोचून मी त्या खड्ड्यासारख्या सीटवर बसले. मामा शेजारी. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. "लेहच्या बाजूला मी तीन हिवाळे काढले," ते सांगत होते. "दिसतो तो बर्फ बरा. न दिसणारा वाईट. रस्ता काळा दिसतो आणि वर काचेचा थर असतो. तिथे ब्रेक मारला की गाडी तुझी राहत नाही. पाय काढायचा. सगळे पाय काढायचे. आणि बूड जिकडे सरकतंय तिकडेच चाक वळवायचं. आपला चिखल म्हणजे त्या बर्फाचा धाकटा भाऊ."

मी अर्धा तास त्या धाकट्या भावाशी झुंजले. दोनच बादल्या पाडल्या. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

रूबेनमामा गेले, आणि आमच्या घरात त्या गाडीचा पावसाळा सुरू झाला. तिला पाऊस सोसायचाच नाही. रविवारी सकाळी किल्ली फिरवली की ती म्हाताऱ्यासारखी खोकायची आणि गप्प. मग प्लग काढायचे. प्लग ओले. ते वाळवायचे कुठे? माझ्या तव्यावर. ज्या तव्यावर मी भाकरी टाकायची, त्याच बिडाच्या तव्यावर चार प्लग भाजत असायचे आणि हे झाऱ्याने ते परतत असायचे. घरभर पेट्रोलचा वास. पुढचे दोन दिवस भाकरीला पेट्रोलचा वास.

"घासून ठेवलाय ना," हे म्हणायचे.

"तुम्ही खाऊन बघा आधी."

टप गळायचा. गळती बरोबर चालवणाऱ्याच्या डाव्या गुडघ्यावर, म्हणून हे गुडघ्याला प्लास्टिकची पिशवी बांधून निघायचे. खालचा पत्रा गंजलेला, डबक्यातून गेलं की पाणी आतून वर यायचं. चिखलात रुतलं तर चाकाखाली घालायला किंतानाची पोती हवीत असं मामांनी सांगितलेलं, म्हणून माझ्या तांदळाचं पोतं रिकामं करून नेलेलं. तांदूळ पातेल्यांत. पातेली पलंगाखाली. आणि एवढं सगळं करून दहाच्या सुमारास सारामावशी, पांढरं पातळ, हातात काळी छत्री, मान ताठ, अशा त्या गाडीत विराजमान व्हायच्या आणि दोघं जण शिरढोणच्या दिशेने निघून जायची. गल्ली बघायला जमायची. मी ओला तवा हातात घेऊन दारात.

आज वाटतं, मला राग कशाचा होता? गाडीचा नव्हताच बहुधा. आठवडाभर बँकेत मान मोडायची, एक रविवार मिळायचा, आणि तो रविवार दुसऱ्या कुणाला दिलेल्या शब्दापायी जायचा. दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही. दारुडा असता तर निदान गल्ली माझ्या बाजूने उभी राहिली असती.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा दर्यात गेल्या, गणपती आले आणि गेले. पाऊस चालूच. आणि एका शनिवारी ह्यांना हुडहुडी भरली. मलेरिया. रविवारी सकाळी दोन रजया घेऊन थरथरत पडले होते आणि दात वाजत असताना काय म्हणावं ह्या माणसाने? "वसू, गाडी."

"गाडीला काय झालं?"

"रविवार आहे. तू ने. मावशी तयार होऊन बसल्या असतील."

"अहो, तुम्हाला ताप आहे. तुम्हाला एकटं टाकून मी त्या डबड्यात बसू?"

"तासाभराचं काम. शब्द दिलाय मी."

मी औषध दिलं, उशाशी तांब्या ठेवला आणि दार जितकं जोरात ओढता येईल तितकं ओढून बाहेर पडले. आश्चर्य म्हणजे गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. हॉर्न मात्र दमटपणाने बसला होता. दाबला की नुसता टक असा आवाज. सारामावशी आल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि छत्री मिटून बसल्या. शिरढोणपर्यंत आम्ही एक अक्षर बोललो नाही. मी रागाने, त्या कशाने कोण जाणे.

शिरढोणला त्यांची एक जुनी विद्यार्थिनी राहायची. दर रविवारी तिच्याकडे चहा. "तू येतेस आत?" मावशींनी विचारलं. मी नाही म्हटलं. मला वाटलं दहा मिनिटं. पाऊण तास झाला. पाणी माझ्या डाव्या गुडघ्यावर टपटपत होतं, मला तिकडे ह्यांचा ताप दिसत होता, आणि मी त्या टपाला, त्या गावाला, लेहच्या तिन्ही हिवाळ्यांना मनातून शिव्या देत होते. शेवटी मावशी बाहेर आल्या. डोळे लाल. ती विद्यार्थिनी, चांगली दोन लेकरांची आई, दारात उभी राहून शाळकरी मुलीसारखी रडत होती. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. गाडी वळवली आणि दामटली.

पळस्पे फाट्याच्या अलीकडे रस्ता वळतो. तेव्हा तिथे पूल नव्हता, दोन्ही बाजूंना भातखाचरं होती. वळण घेतलं आणि समोर रस्ता पांढरा. क्षणभर मला काही कळेचना. कोकणातून मुंबईला मासळी नेणारा ट्रक कुशीवर आडवा झाला होता, खोकी फुटली होती, आणि त्यांतला कुटलेला बर्फ सबंध डांबरावर पसरला होता. रिमझिम चालूच होती. आणि त्या बर्फात पंचवीस-तीस माणसं, बायका, म्हातारे, ओणवे होऊन मासे वेचत होते. टोपल्या, पिशव्या, एकाने तर छत्री उलटी धरलेली. एकाचंही लक्ष रस्त्याकडे नाही.

मी हॉर्न दाबला. टक.

"ए बाय! थांब! फुडं बरफ हाय!" बांधावरून एक बाई किंचाळली.

मी ब्रेक मारला. सगळा जीव एकवटून मारला. चाकं थांबली आणि गाडी थांबली नाही. इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. ना खडखड, ना घरघर. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं आणि त्याचा कशाशीही संबंध नव्हता. समोर निळ्या लुगड्यातली एक म्हातारी पाठमोरी बसली होती. तिचा अंबाडा दिसत होता, अंबाड्यातलं पिवळं फूल दिसत होतं. ती मोठी होत चालली होती.

"वसुधा, पाय काढ."

सारामावशी बोलल्या. वर्गात बोलायच्या त्या आवाजात, न ओरडता. मी पाय काढला. सगळे पाय काढले. गाडीचं बूड डावीकडे निघालं, मी चाक डावीकडे फिरवलं, कुठेतरी रबराने डांबर धरलं, मग पुन्हा सुटलं, आणि आम्ही त्या म्हातारीच्या अलीकडून हळूच, जातं फिरावं तशा गोल फिरून, ज्या दिशेने आलो त्याच दिशेला तोंड करून थांबलो. मागचं एक चाक खाचराच्या चिखलात. इंजिन बंद. टपावर पाऊस वाजत होता.

म्हातारीने वळून बघितलं. हातात पापलेट तसंच. "जीव हाय ना गं, बाय?" तिने मलाच विचारलं.

मला रडू फुटलं. मावशी सरळ समोर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "मी त्या पोरीला सांगून आले की मी नाही जाणार. रूबेनला तीनदा नाही म्हणून कळवलंय. ती रडत होती ती आनंदाने."

"मग बरं झालं ना, मावशी."

"आता गाडी फिरत होती ना, तेव्हा मला काय आठवलं सांगू? आमच्यात शेवटच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. उन्हाळ्यात, रूबेन इथे असताना, पलीकडच्या गल्लीतला डॅनियल गेला, तर इथे सातच भरले. तिघांना ठाण्याहून आणवलं. तोवर प्रेत तसंच." त्यांनी छत्रीची मूठ घट्ट धरली होती. "मला वाटलं, ह्या बर्फात मी गेले तर रूबेन नसताना सहाच राहतील."

"आम्ही आहोत ना, मावशी."

"आहात गं. तुम्हीच आहात. पण तुम्ही त्या दहांत मोजले जात नाही."

हे त्यांनी इतकं साधं म्हटलं, उत्तरपत्रिकेतली चूक दाखवावी तसं.

चौघा-पाचांनी गाडीचं मागचं अंग उचलून रस्त्यावर ठेवलं. "हलकी हाय, पत्र्याचा डबाच नुसता," कुणीतरी म्हणालं. कुणीतरी दोन पापलेटं वर्तमानपत्रात गुंडाळून मावशींच्या मांडीवर ठेवली. घरी परतलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. मावशी आत गेल्या. मी आमच्या दारात उभी. साडी चिखलाने माखलेली. ह्यांनी रजईतून डोकं काढलं. माझ्याकडे बघितलं. आणि विचारलं, "एवढा उशीर? गाडीला काही लागलं का?"

"नाही," मी म्हटलं.

पुढचे चार दिवस मी त्या माणसाशी बोलले नाही. औषध वेळेवर दिलं, पेज दिली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, एक शब्द दिला नाही. त्यांना वाटलं मी रविवार गेला म्हणून चिडलेय. पाचव्या दिवशी ते कामावर गेले. वाटेत पळस्प्याच्या हॉटेलात चहाला थांबले, तर गल्ल्यावरच्या माणसानेच विषय काढला. लाल गाडीतली बाई, बर्फ, निळ्या लुगड्यातली म्हातारी. ते तसेच परतले. भर गर्दीच्या वेळी बँकेत, माझ्या खिडकीसमोर, चार ग्राहकांच्या मागे रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा जाळीतून म्हणाले, "मी आधी तुझं विचारायला हवं होतं."

"हवं होतं," मी म्हटलं. "पुढचे."

हे आजही तो प्रसंग सांगताना हसतात. मी हसत नाही. काही गोष्टींचा राग गेला तरी त्याची जागा रिकामी राहते, आणि पावसाळ्यात तिथे ओल धरते.

मावशींनी त्या आठवड्यात फॉर्मवर सही केली. पुढे तिकडून त्यांची पत्रं यायची, सुवाच्य अक्षरात, ओळी पट्टीने आखल्यासारख्या. भाजी विकत घ्यायला त्या दोन महिन्यांत शिकल्या होत्या आणि भाजीवाल्याची बेरीज चुकते म्हणून त्याला शिकवतही होत्या. सात वर्षांनी रूबेनमामांचं पत्र आलं. त्या गेल्या होत्या. प्रार्थनेला माणसं किती आली ते त्यांनी लिहिलं होतं. मी तो आकडा वाचला, पत्र ह्यांच्या हातात दिलं आणि भाजी चिरायला बसले. गाडी आम्ही त्याच्या कितीतरी आधी एका हौशी माणसाला देऊन टाकली होती. तो ती घेऊन गेला तेव्हा मी घरात तवा घासत होते. बाहेर आले नाही.

पण मावशी निघाल्या तो दिवस आधीचा. दिवाळी झाली होती, आभाळ स्वच्छ, रस्ता कोरडा ठणठणीत. विमानतळावर सोडायला टॅक्सी ठरवली होती. मावशी दारात आल्या, टॅक्सीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सामान शरदबरोबर जाऊ दे. मला वसुधा नेईल."

म्हणजे हे टॅक्सीत दोन ट्रंका आणि एक बोचकं घेऊन पुढे, आणि लाल गाडीत आम्ही दोघी मागे. मला अर्थातच वैताग आला होता. मुंबईपर्यंत मी कधी चालवली नव्हती. ट्रकवाले डोक्यावरून हॉर्न मारत होते, टॅक्सी पुढे जाऊन दिसेनाशी झाली होती, आणि वेळेचं गणित माझ्या डोक्यात टिकटिकत होतं. कळंबोली गेलं, बेलापूर गेलं. वाशीचा पूल लागला. खाली खाडी, दुपारचं ऊन पाण्यावर. मावशींनी काच खाली केली आणि मान वळवून मागे बघत राहिल्या, जिकडे पनवेल होतं तिकडे.

"जरा हळू चालव," त्या म्हणाल्या.

"मावशी, चाळीसवर आहे. उशीर होईल."

"मग तीसवर चालव."

मागून दोन बस आणि एक टँकर एकदम कर्कशले. कुणीतरी खिडकीतून डोकं काढून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी त्याला हाताने पुढे जा म्हणून खूण केली, आणि काटा तीसवर आणला.